पुतळीवरचे राम-सीता

पुतणीचं लग्न तोंडावर आलं आणि नेमकी सासूबाईंची पुतळ्यांची माळ तुटली. नव्या रेशमात ओवून घ्यायला आम्ही दोघी कुंभार पिंपळगावहून अंबडला सराफाकडे गेलो. पुतळ्या म्हणजे सोन्याच्या पातळ चकत्या. प्रत्येकीवर दोन माणसं उमटवलेली. आमच्याकडे सगळे त्यांना राम-सीताच म्हणतात.

सराफ एकेक चकती पुसता पुसता थांबला. एक वेगळी काढून भिंगाखाली धरली. "ताई, बघा. बाकीचं इथलं काम हाय. हे न्हाई."

मी शाळेत चित्रकला शिकवते. भिंगातून पाहिलं आणि अंगावर काटाच आला. बोटाच्या पेराएवढ्या जागेत एक दाढीवाला उभा, त्याच्यापुढे दुसरा गुडघे टेकून, आणि दोघांच्या हातात मिळून निशाणाची एकच काठी. काठीलगत एकाखाली एक रोमन अक्षरं! घाईघाईने बाकीच्या पुतळ्या पाहिल्या. तीच माणसं, तीच काठी. पण अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि ठिपके. आपल्याकडच्या कुणा कारागिराने ती परकी अक्षरं नक्षी समजून उतरवली होती, आणि काय सुबक उतरवली होती!

मोबाइलवर शोधलं तर हुबेहूब तेच नाणं समोर. व्हेनिसचं, शेकडो वर्षांपूर्वीचं. मी सासूबाईंकडे वळून जवळजवळ ओरडलेच, "आत्या, हे व्यापाऱ्यांसंगं समुद्रावरून आलंय!"

"मंग हे राम-सीता न्हाईत?" त्यांचा चेहरा उतरला.

"न्हाईत. हा उभा हाय तो त्यांचा संत. गुडघ्यावर बसलाय तो तिथला राज्यकर्ता. संताच्या हातून निशाण घेतोय."

त्यांनी भिंग माझ्याकडून काढून घेतलं. चकती डोळ्यांजवळ धरून निरखली. मग एकदम हसल्या.

"म्हंजे मला राज्य देवानंच दिलंय, असं साऱ्या दुनियेला सांगून राह्यलाय की हा! लई हुशार माणूस." आणि सराफाकडे वळून, "ही बराबर मधोमध ओवा. दिसली पाहिजे."

परतीच्या बसमध्ये मी त्यांना व्हेनिसचे फोटो दाखवले. दारादारापुढे पाणी, पाण्यात नावा.

"बाई बाई बाई! अन् आपण टँकरची वाट बघतो," त्या म्हणाल्या. "अजून दाखव."

गाव येईपर्यंत पुढच्या बाकावरच्या बाईला त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं, संतासकट.