चुकीच्या वेळचं आमेन

मी आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण त्यातला सगळ्यात मोठा एका शब्दाचा होता, आणि तोही पवित्र. ह्यांच्या दौंडच्या आत्याची प्रार्थना मी भर पंगतीत 'आमेन' म्हणून मध्येच तोडली. तुम्ही म्हणाल, आमेन म्हणण्यात कसला आलाय मूर्खपणा? तुम्ही आत्याला ओळखत नाही म्हणून असं म्हणता. देवाचे उपकार मानण्यात त्या बाईचा हात धरणारं अख्ख्या पुणे जिल्ह्यात कुणी नव्हतं. असतं तर जिल्ह्यात कुणाला गरम जेवण मिळालं नसतं.

आत्या रेल्वेच्या दवाखान्यात आया होती आणि निवृत्त झाल्यावर रुळांजवळच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. सकाळी नळाला पाणी आलं की देवबापाचे उपकार. नाही आलं, तर हंडे उचलायचे वाचले म्हणून उपकार. वीज गेली की डोळ्यांना विसावा मिळाला आणि आली की पंखा फिरला. कुठूनही गेलात तरी रस्ता आभाळाकडेच. एकदा आम्ही दोघी शिरूरहून दौंडला एसटीनं निघालो. जागा मिळाली ती मागच्या चाकावरची, आणि न्हावऱ्याच्या पुढं रस्ता असा, की पाठीचे मणके एकमेकांशी भांडायला लागले. मी सरकारला मनातल्या मनात शिव्या मोजत होते, आणि ही उतरताना कंडक्टरला सांगते, "लेकरा, लई चांगलं आणलंस. समदी हाडं जागच्या जागी हायत." त्या माणसाला नोकरीत सुट्ट्या पैशांवरून भांडणं सोडून काही मिळालं नसावं. घंटीची दोरी हातात धरून तो ती ओढायचीच विसरला.

पण खरी मौज जेवणाच्या वेळी. आम्हा ख्रिस्ती लोकांत ताट वाढलं की डोळे मिटून एकजण प्रार्थना करतो, बाकीचे आमेन म्हणतात, मग घास उचलायचा. इतर घरी हे काम भाजीची वाफ निवायच्या आत उरकतं. आत्याची प्रार्थना म्हणजे दौंडच्या फाटकात अडवणारी मालगाडी. डबे संपता संपत नाहीत, आणि आपण गार्डाचा डबा कधी दिसतो म्हणून ताटकळायचं. भाकरीपासून ती मागं मागं जायची. भाकरी, मग पीठ, मग गिरणी, गिरणीचा पट्टा तुटला नाही तो, बाजरीवरची पाखरं हाकलणारी पोरं, आणि मग त्या पाखरांचंही पोट भरलं ते. एकदा अशीच ती पाखरांपाशी असताना मांजरानं तिच्या ताटातला बोंबील उचलला. मला दिसलं, कारण मी नेहमी एक डोळा उघडा ठेवून प्रार्थना करायची. मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं डोळे उघडले, मांजर पाहिलं, परत डोळे मिटले आणि म्हणाली, "तिलाबी दिलंस देवबापा, उपकार." उरलेल्या गाडीला आणखी एक डबा जोडला.

आणि मी तेव्हा कोण? शिरूरच्या मंडळीत मुलांना बायबलच्या गोष्टी शिकवणारी, मनगटावर घड्याळ मिरवणारी अतिशहाणी. माझ्या प्रार्थना पोस्टाच्या तारेसारख्या होत्या. देवाला शब्दामागं आकार पडतो अशी माझी काहीतरी समजूत असावी. नळाचे आभार मानणाऱ्या म्हातारीची मी माहेरी जाऊन नक्कल करून दाखवायची. हसायचेही सगळे. माझ्या अंगी एवढा एकच गुण होता, तो मी असा वाया घालवला.

मग आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्याजवळ राहायला घरातून मला पाठवलं. डोळ्यात थेंब घालणं, वेणी घालणं, संडासापर्यंत हात धरून नेणं, सगळं मी केलं. तोंड वाकडं करून केलं, पण केलं. तिच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती आणि दुसऱ्यानं धूसर दिसायचं, त्यामुळे तोंड वाकडं करायची सोय चांगली होती. त्या दिवसांत तिनं थेंबांच्या बाटलीचे उपकार मानले, कापसाचे मानले, शेजारच्या कुत्र्याचेही मानले, कारण ते दुपारी भुंकलं नाही. माझं नाव एकदाही नाही. मी हसण्यावारी न्यायची, आणि रोज जेवताना कान टवकारून बसायची. कुत्र्याच्या खालचा नंबर लागला तरी चाललं असतं, इतकी मी उतरले होते.

पट्टी निघाली तेव्हा तिनं उपकारस्तुतीचं जेवण ठेवलं. चर्चचे पाळकसाहेब आले, शेजारीपाजारी आले. मटण मी रांधलं, भाकऱ्या मी थापल्या. आत्या उभी राहिली आणि गाडी सुटली. डॉक्टर, नर्स, दवाखान्याचा जिना, जिन्याचा कठडा, चष्म्याच्या दुकानातला पोरगा. रश्श्यावर तवंग गोठायला लागला. मला पाचची शिरूर गाडी गाठायची होती, पण घड्याळाला उगाच दोष कशाला देऊ? कठड्याचा नंबर लागला आणि माझा नाही, हे मला झोंबलं होतं. आत्या श्वास घ्यायला थांबली, आणि त्या फटीत मी खणखणीत आवाजात म्हटलं, "आमेन."

उपाशी माणसांनी आमेनला कधी उशीर केलाय? सगळे एका सुरात म्हणाले आणि रश्श्यावर तुटून पडले. आत्यानं तोंड उघडं ठेवून एक क्षण माझ्याकडे पाहिलं, तेही नव्या डोळ्यानं, आणि खाली बसली.

मला सोडायला ती स्टँडवर आली. वाटेत दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होती आणि एकेका अक्षराचे उपकार मानत होती. मी बसमध्ये चढले, खिडकीशी बसले आणि ती खाली उभी राहून जे म्हणाली ते ऐकूनही उतरले नाही. गाडी चुकेल अशी भीती वाटली. पुढं तिच्या घरी जेवायचा योग आला नाही, त्याच थंडीत ती गेली. आता ताटावर माझीच प्रार्थना लांबते, नातवंडं चमचे वाजवतात आणि धाकटी तर मधूनच आमेन ठोकून मोकळी होते. मी तिला रागवत नाही. पण त्या धाकटीचं नाव मी हल्ली प्रार्थनेत सगळ्यात आधी घेते. कारण खिडकीच्या गजाला धरून आत्या मला म्हणाली होती, "तुझंच राह्यलं व्हतं गं. आता आमेन झाल्यावर मागं कसं फिरायचं? रातच्याला जेवाया थांब, मंग घेते तुला."