टेपमामांच्या वहीतली कोरी जागा

टेपमामांना परवानगीशिवाय कुणाच्या विहिरीत डोकावणं जमत नसे. मालक शेतात नसला, तर बांधावर चरणाऱ्या म्हशीला सांगून ते कठड्यावर चढत. "घरचं कुणीतरी म्हाईतगार पायजे," म्हणत. मग विहिरीत एक खडा टाकायचा, कान देऊन आवाज ऐकायचा, आकडा मनाशी धरायचा आणि मगच खडू फासलेला पोलादी टेप आत सोडायचा. टेप वर आला की खडू कुठवर भिजलाय ते बघून माप वहीत. खड्याचं माप आणि टेपचं माप यांत वीतभर फरक पडला, तर टेप पुन्हा आत जाई. चूक टेपचीच असणार, याबद्दल त्यांना कधी शंका आली नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. दौंडमधल्या एका छोट्या सर्वेक्षण ऑफिसात मी संगणक चालवायला लागलो होतो. दौंड आणि शिरूर तालुक्यांतल्या विहिरींची मापं एसटीनं, सायकलनं फिरून मामांनी आणायची, ती मी संगणकात भरायची, आणि दोन विहिरींच्या मधल्या रानात पाणी किती खोल असेल याचा अंदाज बांधून संगणकानं रंगीत नकाशा काढायचा. निळं म्हणजे पाणी वर, तपकिरी म्हणजे खोल. मामांचा या मधल्या रंगावर काडीचा भरवसा नव्हता. "दोन विहिरींच्या मधी वढा आसतो, खडक आसतो, एकमेकांशी न बोलणारे भाऊ आसत्यात. ह्या डब्याला त्यातलं काय म्हाईत?" असं म्हणून ते संगणकाकडे दूरच्या जावयाकडे बघावं तसं बघत.

माझा भरवसा मात्र ठाम होता. अर्थात संगणकावर कमी आणि स्वतःवर जास्त. पहिल्याच महिन्यात मी शिरूरजवळच्या एका विहिरीचे अक्षांश आणि रेखांश उलटे भरले. नकाशा म्हणून पडद्यावर नुसता एक लांबलचक पट्टा आला. दोन दिवस मी रंग बदलले, रेषा बारीक केल्या, पंखासुद्धा बंद करून पाहिला. शेवटी कळलं, की शिरूरची ती विहीर मी उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात नेऊन ठेवली होती. मामांना सांगितलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "मंग पानी तर लागलं आसंल की!"

मामांची एक रीत होती. ते दौंडचे, चार पिढ्या तिथलेच. त्यांच्या वडलांनी साऱ्या पंचक्रोशीच्या मोटा शिवलेल्या. वडलांनी त्यांना बजावलं होतं, की कुणाच्या विहिरीला कोरडी म्हणायचं नाही. म्हणून आटलेली विहीर भेटली, की मामा मालकाला म्हणत, "रुसलीया जरा," आणि वहीत तिच्यापुढची जागा कोरी सोडत. 'कोरडी' हा शब्द त्यांनी तीस वर्षांत लिहिला नव्हता. हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे मी सोडून सगळ्यांना. कारण मी कुणाला काही विचारत नसे.

त्या साली पाऊस बेताचाच झाला होता आणि कुरकुंभच्या अलीकडच्या माळवस्तीला पिण्याच्या पाण्याची विहीर मंजूर झाली होती. मंजुरी एकाच विहिरीची. पुरुष माणसं कारखान्यात पाळीला, आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन कोसभर चालत. जागा चुकली, तर दुसरी विहीर कुणी देणार नव्हतं. ती जागा माझ्या नकाशावरून ठरणार होती.

मामांच्या वहीत वस्तीभोवतीच्या तीन विहिरींपुढे कोरी जागा होती. कोरी जागा संगणकाला चालेना. मला वाटलं, मामा विसरले असतील. मी तिन्ही ठिकाणी शून्य दाबून मोकळा झालो. आता पाण्याची खोली शून्य म्हणजे पाणी जमिनीच्या तोंडाशी! संगणक बिचारा सांगितलं तेवढं ऐकणारा. त्यानं माळवस्तीवर सुरेख निळा डोळा काढला. "इथं तर पाणी उसळतंय!" म्हणत आमच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली. मामा तेव्हा शिरूरच्या फेरीवर होते, त्यांना नकाशा दाखवावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.

नारळ फोडायच्या दिवशी मात्र मामा आमच्याबरोबर होते. निळ्या डोळ्याच्या मधोमध खुंटी ठोकलेली बघून ते चरकले. "साहेब, हितं?" एवढंच म्हणाले. मी नकाशा पसरून जरा मोठ्या आवाजातच समजावू लागलो, की पलीकडच्या त्या विहिरीत पाणी अगदी काठाला आहे.

वस्तीतल्या कोंडाबाई पदर खोचून पुढं आल्या. "कंच्या, त्या विहिरीत? तिच्या तळाला माझी कोंबडी खुडूक बसलीया. तिला पवायला शिकवू का आता?"

सगळी वस्ती हसली. साहेब हसले नाहीत. "हा आकडा कुणी टाकला?"

मी नकाशाची घडी घालायला लागलो. मामा शांतपणे म्हणाले, "वही माझी हाय साहेब. जागा मीच कोरी सोडली." साहेबांनी चारचौघांत त्यांना फैलावर घेतलं आणि मी माझ्या बुटांचं बारकाईनं सर्वेक्षण केलं. खरं काय ते मी साहेबांना तिसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर त्यांचा राग निवला होता. तेव्हा माझं धाडसही बेताचंच म्हणायचं.

ते तीन शून्य काढल्यावर निळा डोळा गेला आणि वस्तीभोवती नुसतं तपकिरी पसरलं. खालच्या ओढ्याकडं मात्र एकही माप नव्हतं. "तिथं अंदाज नगं," मामा म्हणाले. "जाऊन बघू." दोन दिवस आम्ही बाभळीच्या काट्यांत बुजलेल्या जुन्या विहिरी हुडकल्या. टेप मामांच्या हातात, वही माझ्या. चार विहिरी सापडल्या, चारहींत पाणी. विहिरीची जागा ओढ्याकाठी सरकली.

पुढच्या वर्षी मी नोकरी बदलून पुण्याला गेलो. मामा थकले, घरी बसले. ते गेल्याचं मला पत्रानं महिन्याभरानं कळलं. आज त्यांची आठवण निघाली, की मला तो ओढाकाठच दिसतो.

माळवस्तीच्या नव्या विहिरीला पाणी लागल्याचा निरोप आला, तेव्हा रमजान चालू होता. मामा आणि मी लगेच तिथं गेलो. कोंडाबाईंनी पहिली कळशी काढून दोन पेले भरले, एक मामांना, एक मला.

"रोजा हाय, कोंडाबाई. दिस मावळूस्तवर झाकून ठेवा," मामा म्हणाले.

"ठिवते की. पर गोड हाय का मचूळ, ते तुमीच पैल्यांदा सांगायचं," असं म्हणून त्यांनी पेल्यावर ताटली ठेवली आणि राखण करायला तिथंच बसल्या.

मी माझाही पेला खाली ठेवला.

"तुमी प्या की साहेब, तुमाला कुठं रोजा हाय?" कोंडाबाई मला म्हणाल्या.

त्या दिवशी नारळाभोवतीच्या गर्दीत मी गप्प राहिलो, त्याची माफी मागायची होती. पण तोंडातून निघालं ते असं, "तहान नाही मला."

मामांनी माझ्या सुकलेल्या ओठांकडं पाहिलं आणि हसत म्हणाले, "ह्यो आकडा बी चुकीचाच टाकला तुमी."

मग त्यांनी सरकून कठड्यावर माझ्यासाठी जागा केली, आणि आम्ही तिघं दोन भरलेल्या पेल्यांपाशी दिवस मावळायची वाट बघत बसलो.