पाठवणीची टेप
वाटाण्याच्या शेंगांचा वास आला की तीच दुपार आठवते. मी आणि बायको वाटाणे सोलत लेकीच्या लग्नाची टेप बघत होतो. शूटिंग माझंच, सातपूरला कामाला असताना घेतलेल्या कॅमेऱ्यावरचं. पाठवणी आली की बायको दर वेळी टेप पुढं पळवायची. काहीतरी लपवतेय, असा मला संशय होता. ती म्हणायची, "रडणं काय बघायचं?" त्या दुपारनंतर आठच दिवसांनी ती वारली. जुना कॅमेरा कधी टेप खाईल याचा नेम नाही, म्हणून मी ती पेन ड्राइव्हवर घ्यायला दुकानात नेली. दुकानदार म्हणाला, "काका, ठेवून जा, उद्या या." "अन् बदलली तर? माझ्यासमोर कर." "तासाची टेप आहे, तासभर चालणार." "मला कुठं घाई आहे?" स्टुलावर बसून मी त्याच्या हातांवर नजर ठेवली. पाठवणी आली आणि चित्र गदागदा हलायला लागलं. मी ओरडलो, "बिघडवलीस ना?" तेवढ्यात टेपमधून बायकोचा आवाज आला, "अहो, डोळे पुसा, कॅमेरा हलतोय." रडत होतो मी, आणि इतकी वर्षं ती माझीच लाज झाकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावशेर वाटाणे आणले, टीव्हीसमोर एकटाच सोलायला बसलो आणि लेकीची पाठवणी पहिल्यांदा पुरती पाहिली.