माझ्या गल्लीतले दिवे

मुलुंड मुंबईत जायच्या आधी आमची स्वतःची नगरपालिका होती आणि तीत मी एक मेंबर होतो. आमची पद्धत अशी, की दर वर्षी प्रत्येक मेंबराने आपल्या वॉर्डातल्या कामांची यादी लिहून द्यायची. पैसा बेताचा, त्यामुळे पहिल्या नंबरचं काम व्हायचं आणि बाकीची पुढच्या वर्षावर जायची. म्हणजे पहिला नंबर लिहिताना डोकं ठिकाणावर हवं.

माझा पहिला नंबर ठरलेला होता. आमच्या गल्लीतल्या चाळीसमोर उघडं गटार होतं, त्यावर एक फळी टाकलेली. नळ पलीकडे. चाळीतली एक मालवणी म्हातारी रोज मला अडवायची.

"मेंबरानू, सून पोटुशी आसा माझी. भरलेलो हंडो घेवन त्या फळयेवरसून येता. पाय घसारलो तर?"

"यंदा गटार बांधून, वर लादी टाकून देतो," मी म्हणालो. शब्द दिला होता.

शेजारच्या वॉर्डाचा मेंबर माझा शाळेतला सोबती. वकील, देखणा, बोलण्यात साखर. शाळेत त्याचा नंबर पहिला, माझा दुसरा. ते दुखणं जुनंच. त्या वर्षी त्याच्या रस्त्यावर विजेचे दिवे लागले. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, हारांत त्याचं तोंड दिसेना. गर्दीतून तो मला ओरडून म्हणाला, "काय रे, तुझ्याकडे अजून कंदीलच?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. घरी येऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, "पोटात दुखतंय वाटतं? ओवा देऊ?"

तिला सगळं कळत होतं. गटाराला कोण हार घालतो, सांगा! लादीखाली गेलं की ते दिसतसुद्धा नाही. यादी द्यायच्या दिवशी मी 'गटार' खोडलं आणि वर 'दिवे' लिहिलं. गटार काय, पुढच्या वर्षी होईल.

दिवे लागले. नारळ फुटला, मला हार पडले, झकास वाटलं. म्हातारी दारातच उभी होती. "उजेड बरो पडलो," एवढंच म्हणाली.

पंधरा दिवसांनी, भर सकाळी, सून हंड्यासकट गटारात पडली.

मी धावलो, पण माझ्याआधी तो वकील पोचला होता. नळावर कुणाशी तरी बोलत उभा होता म्हणे. त्यानेच तिला उचललं, टांग्यात घातलं, दवाखान्यात नेलं. पाय मोडला; पोटातलं मूल वाचलं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याचा सदरा चिखलाने माखलेला बघून पहिला विचार आला तो हा, की इथेही हाच पहिला!

पुढच्या सभेत त्याने आपल्या यादीतलं, अजून सुरू न झालेलं पहिल्या नंबरचं काम खोडून तिथे माझ्या गल्लीतलं गटार लिहिलं. आपल्या वॉर्डाचं एक वर्षाचं काम सोडून दिलं. सभागृहात बाकं वाजली. बाहेर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस रे." शिव्या घातल्या असत्यास तर चाललं असतं, मेल्या!

सुनेला मुलगा झाला. बारशाला मलाही बोलावलं होतं. म्हातारीने माझ्याही हातावर घुगऱ्या ठेवल्या, एका शब्दाने टोचलं नाही. मग आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि बायकांनी ते मोठ्याने म्हटलं. त्या वकिलाचंच नाव ठेवलं होतं.

पोर आता चालायला लागलंय. गटारावरच्या लादीवर दिवसभर खेळतं. तिन्हीसांज झाली, दिवे लागले, की म्हातारी बाहेर येते आणि माझ्याच खांबाखाली उभी राहून त्याला नावाने हाका मारते.

मी खिडकी लावून घेतो.