जपूनताईच्या कॉम्प्युटरला चक्कर येते

…आणि त्या रिमोटचं अर्धंच राहिलं बघ. वही बंद करू नकोस, लिही. तर जपूनताईच्या घरी टीव्हीचा रिमोट पिशवीत असायचा. नवा आला तेव्हाचीच प्लास्टिकची पिशवी, वरून रबरबँड. आवाज वाढवायचा तर पिशवीवरून चाचपडत बटण शोधायचं. सोफ्यावरही दुकानातलंच प्लास्टिक, बसलेला माणूस उठला की सोफा चर्रकन ओरडायचा. आणि तिच्या यजमानांच्या मनगटावरचं घड्याळ, त्याच्या काचेवर जो पातळ पापुद्रा येतो ना नवेपणी, तो सात वर्षं निघाला नव्हता. त्याच्याखाली बुडबुडे धरलेले. किती वाजले विचारलं की ते मनगट तिरकं करून त्या बुडबुड्यांच्या फटीतून बघायचे आणि म्हणायचे, साडेचार असावेत. नक्की कधी सांगितलंच नाही त्यांनी.

जपूनताई म्हणजे माझी नणंद, तुझ्या आजोबांची धाकटी बहीण. तिचं खरं नाव आता तिला स्वतःला तरी आठवतं की नाही कोण जाणे. उठता बसता तोंडात एकच, जपून, जपून. कप उचलला, जपून. दार लोटलं, जपून. यजमान तिचे शाळेत कवायत शिकवायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणतात, तीही मास्तरच म्हणते. आख्खी शाळा ज्यांच्या शिट्टीला थरथरायची ते घरात पावलं मोजून चालायचे.

तिचं काम फोटोला टचिंग करायचं. स्टुडिओत बत्तीस वर्षं एकाच खुर्चीवर बसली. फोटोवर डाग पडला, घडी पडली, कुणाचा अर्धा कान वाळवीने खाल्ला, की तो फोटो तिच्याकडे. तीन केसांचा ब्रश घ्यायचा, श्वास धरायचा आणि कान भरून काढायचा. मालक सांगायचा की गिऱ्हाईक फोटो उन्हात धरून बघतं तरी जोड कुठे आहे ते सापडत नाही.

मग तिचा उजवा हात हलायला लागला. फार नाही गं, इतकाच, कपातला चहा बशीत यावा एवढा. पण तीन केसांच्या ब्रशला तेवढं पुष्कळ झालं. तिने ब्रश धुतला, पुसला, डबीत ठेवला आणि घरी बसली. रडली नाही. कपाटं आवरत राहिली. तीनतीनदा तीच कपाटं. मास्तर मला म्हणाले, वहिनी, आता माझ्या मोज्यांनासुद्धा इस्त्री व्हायला लागलीय, काहीतरी करा.

केलं ते आमच्या रेडिओवाल्याने. चौकातलं ते दुरुस्तीचं दुकान, पांढऱ्या मिशा, कानावर पेन्सिल, तो. त्याने तिला सांगितलं की आता टचिंग कॉम्प्युटरवर होतं, आणि त्यात हात हलला तर एक बटण दाबून मागे जाता येतं, जणू हात हललाच नव्हता. हे ऐकून तिने दोन दिवस पुन्हा कपाटंच आवरली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मला तो हवा. आणि तयार नको, सुटे भाग आणा, मी जोडते. दुसऱ्याने जोडलेलं कसं जोडलंय ते आपल्याला काय कळणार, असं तिचं म्हणणं.

आणि जोडला की तिने! जेवायच्या टेबलावर धुतलेली चादर पसरली, बशा मांडल्या, एकेका बशीत एकेका जातीचे स्क्रू. डाव्या हाताने उजवं मनगट धरायचं आणि स्क्रू फिरवायचा. पुस्तिकेतली अक्षरं परकी होती, पण चित्रं होती. दोन दिवस मास्तरांना ओट्याशी उभं राहून जेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा उजळला. मास्तरांनी आनंदाने शिट्टीच फुंकली. ती म्हणाली, जपून, आत हवा जाईल.

पहिलं काम आलं पोस्टमनचं. आपल्याकडे पत्रं टाकतो तोच. त्याच्याकडे आईचा एकच फोटो, कित्येक वर्षं पाकिटात घडी करून ठेवलेला. घडी बरोब्बर चेहऱ्यावरून गेलेली, एक डोळा पार नाहीसा. आई गेली तेव्हा हा दोन वर्षांचा, मोठ्या बहिणीने वाढवला. ती बहीण आता लेकाकडे लांब राहायला निघाली होती आणि जायच्या आधी रविवारी एक दिवस याच्याकडे यायची होती. त्याला तिच्या हातात आईचा धड चेहरा द्यायचा होता. तो म्हणाला, "ताई, मला तर ती कशी दिसायची ते ठाऊकच नाही. तिला ठाऊक आहे. तिला बघायचंय."

जपूनताईने फोटो दोन बोटांत धरला आणि हो म्हणाली. पण तो गेल्यावर मास्तरांना म्हणाली, हा फोटो झाला तर मी अजून टचिंगवाली. नाही झाला तर ब्रशची डबी कुणाला तरी देऊन टाका, मला पुन्हा दाखवू नका.

सोमवारी बसली. कपाळ नीट झालं, केसांची बट झाली, हनुवटी धरली, आणि पडदा फट्‌कन काळा. पंखे बंद. सगळं चिडीचूप. पुन्हा चालू केला, झाला. पुन्हा कामाला बसली, दहा मिनिटांत पुन्हा काळा. मास्तर म्हणाले, याला चक्कर येते. प्रार्थनेच्या रांगेत पोरं पडायची तशी. उपाशी असेल.

रेडिओवाला मीटर घेऊन आला. उपाशी आहे का तेच आधी बघू म्हणाला. भिंतीतली वीज तपासली, ठीक. आतला वीज वाटणारा डबा बदलला, आपल्या दुकानातला लावला. पंधरा मिनिटांनी चक्कर. मग स्मरणाच्या ज्या दोन पट्ट्या असतात, रॅम म्हणतात त्यांना, त्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, एकेक लावून बघितली. पहिलीलाही चक्कर, दुसरीलाही. दर वेळी तो विचारायचा, ताई, पुस्तिकेत होतं तसंच जोडलंय ना? आणि दर वेळी ती म्हणायची, त्याहून जपून जोडलंय.

बुधवारी तर कहर झाला. डोळ्याचं काम अर्धं झालेलं, सेव्ह करता करताच बंद पडला आणि ती फाईलच बिघडली. सगळं पहिल्यापासून. रेडिओवाला म्हणाला, माझ्याकडे देऊन ठेवा, आठ दिवसांत बघतो. आठ दिवस कुठले आले, रविवार तर डोक्यावर. ती आत गेली आणि ब्रशची डबी आणून मास्तरांच्या पुढ्यात ठेवली.

मास्तरांनी डबी उचलून खिशात टाकली आणि म्हणाले, "रविवार अजून झालेला नाही. कवायतीत पोरगं पडलं की मी आधी विचारायचो, कधी पडलं, काय करताना पडलं. तू विचारलंस का याला?"

हे मात्र तिला पटलं. स्टुडिओत ती प्रत्येक फोटोची चिठ्ठी लिहायची, काय डाग, कुठे, कशाचा. तशीच वही घेऊन बसली. गुरुवारी सकाळभर कॉम्प्युटर नुसता चालू ठेवला, काम काही नाही. एकदम ठणठणीत. छोटा फोटो उघडला, पाऊण तास टिकला. पोस्टमनच्या आईचा मोठा फोटो उघडला, दहा मिनिटं. लगेच पुन्हा उघडला, चार मिनिटं. जेवून, लवंडून, तासाभराने उघडला, पुन्हा दहा. तिने वही रेडिओवाल्यापुढे धरली आणि म्हणाली, हा दमतो. कष्ट पडले की तापतो आणि विसावा मिळाला की बरा होतो.

रेडिओवाल्याने कानावरची पेन्सिल काढून तिला सलाम ठोकला. म्हणाला, चार दिवस मी डबे बदलत बसलो आणि तुम्ही वहीने पकडलंत. आता तुला सांगते बघ, कॉम्प्युटरच्या आत जी मुख्य चिप असते, सगळा विचार करणारी, ती तापते. म्हणून तिच्या डोक्यावर धातूचा एक जड ठोकळा बसवतात आणि ठोकळ्यावर पंखा. ठोकळ्याने उष्णता ओढायची, पंख्याने उडवायची. रेडिओवाल्याने मोठा फोटो उघडायला लावला, तो बंद पडेपर्यंत वाट बघितली आणि बोट त्या ठोकळ्याला लावलं. मग दुसरं बोट लावलं. मग तिला म्हणाला, ताई, तुम्ही लावा.

ठोकळा गार. माठासारखा गार.

जपूनताई बघत राहिली. तिने आयुष्यभर स्वयंपाक केलाय गं. खाली जाळ आहे आणि वर तवा गार, असं होईल का कधी? तव्याच्या नि जाळाच्या मध्ये काहीतरी असल्याशिवाय? आणि हे डोक्यात आलं तशी ती खुर्चीवर बसली. सोफ्यापेक्षा मोठ्याने हाशहुश करत बसली.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"त्याच्या तळाला एक पापुद्रा होता," ती म्हणाली. "आरशासारखा तळ होता हो, इतका सुंदर. ओरखडा पडला असता. मी ठेवला तो."

रेडिओवाला म्हणाला, पुस्तिकेत चित्र असतं ना, हात पापुद्रा सोलतोय असं? ती म्हणाली, होतं. मला वाटलं, उधळ्या माणसांसाठी असेल.

खरं म्हणजे जोडताना त्या पापुद्र्याचं एक टोक सुटलं होतं, ते तिने नखाने दाबून पुन्हा बसवलं होतं. एवढं जपून. म्हणून तर इतक्यांदा विचारलं तरी तिच्या तोंडून निघालं नाही. लपवलं नाही हं तिने. ही चूक असू शकते हेच तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

शुक्रवारी सकाळी ठोकळा उचलून काढला. खाली तो पापुद्रा, उष्णतेने पिवळा पडून आकसलेला, त्यावर लाल अक्षरं. रेडिओवाला ओढणार तर ती म्हणाली, थांबा, मी. डाव्या हाताने मनगट धरलं, टोक पकडलं आणि ओढलं. सर्र झालं. मास्तर सांगतात, लग्नात हार घालताना तिचा चेहरा एवढा गंभीर नव्हता. चिपची उष्णता ठोकळ्याला पोचवणारा लेप असतो, तो जुना पुसला, नवा लावला, ठोकळा बसवला. मोठा फोटो उघडला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. तिने तळहात ठोकळ्याला लावला, छान ऊन लागला. म्हणाली, ताप आला एकदाचा. आणि हसायला लागली ते थांबेच ना. डोळे पुसत हसत होती. मास्तरांनी खिशातून ब्रशची डबी काढून कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवली.

दोन दिवस ती जागची हलली नाही. रेडिओवाला म्हणाला, उजवा डोळा उलटा करून डावीकडे चिकटवा, लगेच होईल. तिने त्याच्याकडे असं बघितलं! म्हणे, कुणाचे दोन डोळे सारखे असतात? डोळा तिने पापणी पापणी करून उभा केला. हात हलला की मागे, हलला की मागे. शनिवारी दुपारी फोटो पुरा झाला.

रविवारी पोस्टमन बहिणीला जपूनताईच्याच घरी घेऊन आला. ती बाई सत्तरीच्या पुढची, काठी टेकत आलेली. फोटो हातात घेतला आणि कितीतरी वेळ बघत बसली. पोस्टमनने तर श्वासच धरलेला. मग ती म्हणाली, "आईच आहे. डोळा तिचाच. पण इथला तीळ कुठे गेला हो?"

जपूनताईने जीभ चावली. बुरशीचा डाग समजून पुसलेला गं तो तीळ! ती उठली, कॉम्प्युटर लावला, मूळ फोटो काढला, आणि सगळ्यांच्या देखत ओठाच्या वर तीळ बसवला. बहीण मागे उभी राहून सांगत होती, जरा वर, हं, जरा डावीकडे, बस. पडदा एकदाही काळा झाला नाही. पोस्टमन त्या तिळाकडे बघत आपल्याच ओठावर बोट फिरवत होता. त्यालाही तिथेच आहे ना, मिशीच्या खाली. त्या दिवशी त्याला कळलं तो कुणाकडून आला.

ती माणसं गेल्यावर जपूनताई मास्तरांच्या समोर बसली आणि म्हणाली, हात पुढे करा. त्यांनी केला. तिने घड्याळावरचा पापुद्रा नखाने सोलून काढला. मास्तरांनी बघितलं आणि म्हणाले, पाच वाजून बारा मिनिटं. रात्रीपर्यंत वेळ सांगत फिरले, कुणी विचारलं नाही तरी. मग रिमोटची पिशवी गेली. सोफ्याचं प्लास्टिक तेवढं राहिलंय, पण तेही जाईल.

आता दरवाजाला पाटी लावलीय, फोटो टचिंग, आणि आठवड्याला दोनतीन चेहरे येतात. तो पिवळा पापुद्रा तिने फेकला नाही, वहीच्या पानावर चिकटवून ठेवलाय. जपून.

हे सगळं उतरून झालं ना? मग एक कर. तुझ्या मावसबहिणीने परवा तसलेच सुटे भाग मागवलेत म्हणे, ती पण आपल्याच घरची, नव्या वस्तूचं वेष्टण काढायला जिवावर येणारी. तिला फोन लाव आणि सांग, जपूनआजीचा निरोप आहे, ठोकळा बसवायच्या आधी उलटा करून बघ.