लाटणं हातात असेपर्यंत

सुजाताच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "ताई गेली..." एवढंच तो बोलला. मी त्याला म्हटलं, "असं कसं? आज ती माझ्याकडे जेवायला येणार आहे." हार्ट अटॅक. आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्याशी तावातावाने भांडलेली धडधाकट बाई. महिना उलटला तरी माझा विश्वास बसत नाही.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात सार्वजनिक धोरण शिकवायचो. लोकांच्या सहभागाने चालणाऱ्या कारभारावरचं संशोधन कसं बदलत गेलं, यावर ती लिहीत होती. पूर्वीचे अभ्यासक बैठका मोजायचे; आताचे विचारतात, बैठकीत बोललं कोण, आणि अभ्यासक निघून गेल्यावर ती व्यवस्था टिकते का? सुजाताने हे स्वतःच्या चिंचपोकळीच्या चाळीतच करून पाहिलं. मागची जुनी विहीर पालिका बुजवायला निघाली होती, आणि तिच्या पाण्यावरून दोन चाळी हमरीतुमरीवर आल्या होत्या. हिने सगळ्यांना गॅलरीत सतरंजीवर बसवलं. नियम एकच, ज्याच्या हातात लाटणं त्यानेच बोलायचं. पालिकेचे इंजिनियर मध्येच बोलू लागले, तशा चाळीतल्या शेवंताकाकी कडाडल्या, "साहेबांनू, लाटणा खंय आसा तुमच्या हातात? गप ऱ्हवा!" विहीर वाचली. धुण्याचं, संडासाचं पाणी आजही तिचंच.

आमचं शेवटचं भांडण यावरूनच झालं. "तू नसलीस की सगळं बोंबलेल," मी म्हटलं.

"मग माझा पेपर खोटा पडेल ना गं! माझ्याविना चाललं तरच खरं."

परवा तिच्या भावाने बैठकीला बोलावलं. चार डोकी जमली तरी खूप, असं मनात धरून गेले, तर गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. विहिरीचा पंप बिघडलेला. लाटणं फिरलं, वादावादी झाली, दुरुस्ती दोन्ही चाळींनी मिळून करायची ठरली. सुजाताचं नावही कोणी घेतलं नाही. मला धक्काच बसला, आणि खरं सांगते, रागही आला. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं आणि हे बघायला तीच नव्हती...

तेवढ्यात लाटणं माझ्याकडे आलं. मधोमध झिजलेलं, तिच्या आईच्या स्वयंपाकघरातलं. मी ते दोन्ही हातांत धरून बसले; पुढे देववेना. थोड्या वेळाने पलीकडच्या चाळीतले एक गृहस्थ घसा खाकरून बोलायला लागले.

शेवंताकाकी हळूच म्हणाल्या, "गप ऱ्हवा. लाटणा तिच्या हातात आसा."