अप्पांच्या इंजिनाची थरथर

मेकॅनिकलचा डिप्लोमा पास झाल्यावर मी पहिलं इंजिन दुरुस्त केलं ते आमच्याच गिरणीतलं, आणि त्या दिवसापर्यंत ते उत्तम चालत होतं.

हुलसूरला आमची पिठाची गिरणी. करंटचा भरवसा नाही म्हणून अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जुनं डिझेल इंजिन ठेवलेलं. चालताना ते जरा थरथरायचं. भिंतीवरचे फोटो तिरके व्हायचे, चहाची कपबशी आपली आपण टेबलाच्या कडेला जायची. एवढंच. गावाला सवय होती. माझ्यातल्या इंजिनिअरला मात्र बघवत नव्हतं.

श्रावणातला शेवटचा सोमवार होता. संध्याकाळी मठात दासोह, अख्ख्या गावाचं जेवण. भाकरीची ज्वारी दळून द्यायचा शब्द अप्पांनी स्वामीजींना दिलेला, आणि तो शब्द एकाही वर्षी चुकला नव्हता. सकाळी अप्पा ज्वारी आणायला गेले आणि मी पाना उचलला.

झाकण उघडलं तर क्रँकशाफ्टला एकाच बाजूला दोन जड ठोकळे आवळलेले! समोरची बाजू मोकळी. वजन एकीकडंच असल्यावर थरथरणार नाही तर काय? (या धड्यावरचा प्रश्न मी परीक्षेत ऑप्शनला टाकला होता.) मी दोन्ही ठोकळे काढून टाकले. तेवढ्यात दारात भंगारवाला आला. आईनं ते लोखंड देऊन लसूण घेतला आणि लेक कामाला लागला म्हणून खूशही झाली.

अप्पा आले, मी हँडल मारलं. इंजिनानं एक उडी मारली, मग दुसरी. पट्टा सुटला. दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बायका रस्त्यापलीकडे पोचल्या. इंजिन ओट्याला आवळणारे बोल्ट तुटले आणि इंजिन दाराकडे सरकू लागलं. अप्पांनी कसंबसं डिझेल बंद केलं.

"काय केलास?"

"बॅलन्स केलो, अप्पा."

शेजारचे मिस्त्रीअण्णा धावत आले. आत डोकावून त्यांनी सांगितलं की पिस्टन झटके मारतो, त्याचा तोल सांभाळायलाच पलीकडं ते ठोकळे असतात, कुठं ठेवलास? मी लसणाच्या टोपलीकडं बोट दाखवलं.

भंगारवाला तिसऱ्या गावात सापडला. ठोकळे बसवून, बोल्ट बदलून पीठ मठात पोचेपर्यंत चांगली रात्र झाली होती. तवे तापून थंड झालेले, पंगत रिकाम्या ताटांपुढं बसलेली. अप्पांची मान कधी नव्हे ती खाली गेली होती. मला खरंच रडू यायला लागलं.

अप्पांनी सगळ्यांसमोर हात जोडले. "पोराची चूक न्हाई. चूक माझी हाय."

माझा ऊर भरून आला. बाप असावा तर असा!

"डिप्लोमाला मीच घातलो ह्याला," अप्पा म्हणाले.

पंगतीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या डिप्लोमाला आजवर पडलेल्या टाळ्या त्या एवढ्याच.